हजेरीचा कागद

मालवण, ४ नोव्हेंबर २०२४

चि. निकेत यास, नानाकाकाचे अ. उ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे माझं एकट्याचं नाही. आपल्या रापणीचं जाळं काठावर ओढणाऱ्या बावीस घरांचं आहे, ज्यांना किनाऱ्यावरून उठवायचं परस्पर ठरलं आहे. तुझ्या कंपनीच्या अर्जाची प्रत आम्ही मिळवली. तिथे बांधायच्या जेटीला गावाचा 'कन्सेंट' आहे, असं त्यात लिहिलंय.

मे महिन्यात तू देवळात घेतलीस ती सभा 'कन्सल्टेशन' होती. म्हणजे विचारपूस. कन्सेंट म्हणजे होकार. तपासायला डॉक्टरकडे गेलो म्हणून त्याने पोट कापावं? कापण्याआधी तो वेगळी सही घेतो. हे तू लिहिलंस की दुसऱ्याने, एवढंच कळव. तुझी आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही.

नाना

पणजी, ११ नोव्हेंबर

ती. नानाकाकांस, सा. न. वि. वि.

मीच लिहिलं. ऑफिसात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास चालतात. लोकांना विचारलं, कोणी विरोध केला नाही, की तो होकार. सभेत तुम्ही तासभर बोललात, पण 'नाही' म्हणाला नाहीत. तिथे फिरवलेल्या कागदावर पहिली सही तुमची आहे; ती बघून बाकीच्यांनी केल्या. आता मला शब्दकोश कशाला दाखवता? तुमच्या भाषणांनी कुणाचं घर चाललं नाही, माझं तर नाहीच. आईला नमस्कार, ऐकणार असेल तर.

निकेत

मालवण, १५ नोव्हेंबर

चि. निकेत,

होय, पहिली सही माझी. कागदाच्या डोक्यावर 'हजेरी' लिहिलं होतं आणि समोर माझ्या भावाचा मुलगा उभा होता, म्हणून चहा संपायच्या आत केली. ही चूक मी सर्वांसमोर कबूल करीन. तुझी तू काय करणार?

रापण लागते तेव्हा काठावर शंभर माणसं 'काय गावला' म्हणून विचारतात. विचारल्याने वाटा मिळत नाही. दोरीला हात लावणाऱ्यालाच मिळतो. हा नियम आम्ही एकदाच मोडला. तुझा बाप समुद्रात गेला तेव्हा तू सात वर्षांचा होतास. बावीस घरं वाळूत बसली, प्रत्येकाने तोंडाने 'होय' म्हटलं, आणि तू नोकरीला लागेपर्यंत तुझा वाटा दारात येत राहिला. त्याला कन्सेंट म्हणतात. माझ्या भाषणाने नसेल, त्या होकाराने तुझं घर चाललं.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं तेव्हा पद्मावतीवहिनी एवढंच म्हणाल्या, "माझ्या झिलाक इचारा, त्या वाट्यार वाढलो, ता इसारलो काय?"

शुक्रवारी, २२ तारखेला, सकाळी अकराला तहसीलदारांपुढे त्या अर्जाची सुनावणी आहे. हजेरीचा मूळ कागद तुझ्याकडे आहे. तो घेऊन ये आणि त्यांच्या टेबलावर ठेव. लोभ असावा, असं या खेपेला लिहीत नाही. कागद आण, मग लिहीन.

नाना