डाव्या सीटचा बेल्ट

६ जानेवारी २०२५, दुपारी १.१०, हिंगोली
कंपनीचे पत्र आले. माझ्या कारच्या बॅचच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या आहेत. पुढच्या डाव्या सीटच्या बेल्टचे लॉक सदोष. दुरुस्ती होईपर्यंत तिथे कोणी बसू नये. दुरुस्ती मोफत. पत्रात शुद्धलेखनाच्या चार चुका. लाल पेनने सुधारल्या.

सरिता माहेरी, शिरड शहापूरला, जाऊन एकोणतीस दिवस. उद्याच आणायला निघणार होतो. (पंधरा दिवसांपासून उद्याच निघणार होतो.) आता कसे आणणार? तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

संकल्प : बेल्ट झाला की दुसऱ्याच दिवशी आणायचे.

८ जानेवारी
सर्व्हिस सेंटर. तिथला देविदास म्हणाला, पार्ट नांदेडहून येऊन राहिला. लेखी मागितले. त्याने ‘दुरूस्ती’ लिहिले. रु ह्रस्व, सांगितले. त्याने विचारले, भाऊ, गाडीत बसतं कोण कोण? म्हणालो, सध्या मीच. मंग टेन्शन काहून घेता, म्हणाला. जबाबदारीची जाणीव नाही.

११ जानेवारी
सासऱ्यांना, पुंजाजीमामांना, फोन. अडचण समजावली. म्हणाले, मागच्या सीटवर बसवा. बायको मागे, नवरा पुढे. लोक मला ड्रायव्हर समजतील. म्हणाले, मंग एसटी हाये की. एसटीत तर बेल्टच नसतात! मामा म्हणाले, जावई, कंपनी हजारो गाड्या परत बोलावून राहिली, तुमाला एक बायको बोलावणं होईना?

सरिताला फोन द्या म्हणालो. ती न्हाई इथं, म्हणाले आणि ठेवला. शेतात गेली असेल.

१४ जानेवारी
ती ज्यावरून माहेरी गेली त्या भांडणाचा शांतपणे विचार केला. कारण क्षुल्लक. तिचा मेसेज होता, ‘मला खुप एकटं वाटतं.’ मी ‘खूप’ करून परत पाठवला. फ्लेक्सच्या दुकानात दिवसभर हेच करतो, गिऱ्हाइके आभार मानतात. ती म्हणाली, तुमी मलाच दुरुस्त करून राहिले.

आज संध्याकाळी मलाही एकटे वाटले. तात्पुरते.

२२ जानेवारी
पार्ट आला. उजव्या बाजूचा! देविदासला बोललो. मनातून मात्र सुटल्यासारखे वाटले. हे वाक्य खोडायचे आहे.

३० जानेवारी
बेल्ट झाला. अकरा वेळा ओढून पाहिला. सरिताला कळवले नाही. अचानक जाऊन आनंद देणार. शर्टला इस्त्री.

३१ जानेवारी, संध्याकाळी ६.१५, औंढा
गाडी कडेला लावून लिहीत आहे.

सरिता माहेरी नव्हती. मामा म्हणाले, सरू तर हिंगोलीतच हाये, तीन हप्ते झाले. मावशीकडं राहती, दवाखान्यात कामाला लागली. तुमच्या दुकानावरूनच जाती रोज. तुमी मान वर करत न्हाई म्हणती.

विचारले, मला सांगितले का नाही? मामा म्हणाले, तीच म्हणली, इचारलं तर सांगा. तुमी बेल्टचंच सांगत व्हते.

चहा घेतला. निघताना मामांनी वीस किलो तुरीची डाळ दिली. एकट्याला सालभर पुरंल, म्हणाले.

पोते डाव्या सीटवर ठेवले. गाडी टुंटुं वाजू लागली. तिला वाटले, कोणी बसले आहे. पोत्याला बेल्ट लावला तेव्हा गप्प झाली. औंढ्यापर्यंत बेल्ट तसूभरही ढिला पडला नाही.

दुरुस्ती उत्तम आहे.