'उत्तुंग' कोणाला म्हणावं

सर, काल मी 'उत्तुंग' हा शब्द एका माणसाला लावला. तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, तरी तो लिहिताना मी मागे वळून पाहिलं, तुम्ही उभे आहात की काय म्हणून.

नववीतला तो तास मी विसरलेलो नाही. 'माझे वडील' या निबंधात मी लिहिलं होतं, 'माझे वडील म्हणजे उत्तुंग व्यक्तिमत्त्व.' तुम्ही मला उभं करता आणि विचारता, "उत्तुंग म्हणजे काय रे?" मी म्हणतो, "मोठा, सर." तुम्ही म्हणता, "मोठा तर आपल्या शाळेचा हौदही आहे. वर बघताना डोक्यावरची टोपी मागे पडावी, असा सातपुड्याचा कडा उत्तुंग. माणसाला हा शब्द लावायचा, तर आधी त्याच्या हाताखालच्या माणसाला विचारून ये." वर्ग हसला. वडील तेव्हा अमळनेरला तेलाच्या कारखान्यात मुकादम होते. संध्याकाळी मी गेटवर जाऊन एका हमालाला विचारलं. तो म्हणाला, "तुना बाप चांगला माणूस शे रे, पन तोंडना भलता कडू." दुसऱ्या दिवशी तुम्ही तो शब्द खोडून 'कष्टाळू' लिहिलात. वर्षभर मला तुमचा राग होता. पुढे कळलं, की गावातली निवृत्तीची मानपत्रं तुम्हीच लिहायचात, आणि प्रत्येक वेळी आधी त्या ऑफिसच्या शिपायाला गाठायचात.

आता मी जळगावला मराठी शिकवतो. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार ठरला आणि मानपत्र माझ्याकडे आलं. माझी मुलगी त्याच संस्थेत सहा वर्षं बिनपगारी शिकवते आहे. तिला कायम करण्याचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "चांगलं लिहा, सर." तुमच्या शिकवणीप्रमाणे मी आमच्या शिपाई नानांना विचारलं, "नाना, साहेब माणूस म्हणून कसे आहेत?" नानांनी चहाचा ट्रे खाली ठेवला, दाराकडे पाहिलं. "सर, मना पोऱ्या बी आठेच लागेल शे. माले काबर इचारतस तुम्ही?" म्हणजे नानांचा मुलगाही याच संस्थेत नोकरीला. उत्तर मिळालं होतं. तरी घरी येऊन मी तो शब्द लिहिला, तोही पहिल्याच ओळीत.

काल स्टेजवर मी ते वाचलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत होते. तिसऱ्या रांगेत मुलगी बसली होती. तुमच्या तासाची गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. तिने टाळी वाजवली नाही. मी आजूबाजूच्या रांगांवर नजर फिरवली, तिचे गप्प हात कोणी पाहिले तर नसतील ना म्हणून. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, तेव्हा फक्त भीतीच वाटली.

पिंप्राळ्याला घरी जाताना स्कूटर ती चालवत होती, मी मागे. सिग्नलला थांबलो तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "पप्पा, तो शब्द साहेबांनीच घालायला लावला ना?" मी "हो" म्हणालो. तिने हात मागे करून माझा गुडघा थोपटला, आणि आम्ही निघालो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी माझी हिंमत झाली नसती. सर, तो शब्द घालायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.