पट्टीखालचं डांबर

प्रिय दादा,

गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का, मला ठाऊक नाही. पण ही गोष्ट जिवंत माणसाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहितोय. कर्जतच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसलोय. आत वहिनी आहे. ती वाचली. तुझं मूल नाही वाचलं, दादा. मुलगी होती.

रागावू नकोस, आधी ऐक.

तू माघात तापाने गेलास तेव्हा वहिनीला दिवस गेलेले होते. लोक म्हणाले, ट्रक विकून टाका. लष्कराच्या लिलावातलं जुनं धूड, आता कोण सांभाळणार? वहिनी कुणाचं ऐकेना. "ह्यांची गाडी हाय, दारातनं हलायची नाय," म्हणाली. उन्हाळाभर मी गवताचे भारे वाहिले आणि पावसाच्या तोंडावर गाडी अंगणातल्या छपराखाली लावली, तू लावायचास तशीच.

परवा वहिनीला पहाटेपासून कळा येत होत्या, पण सुटका होईना. सुईण हात पुसत बाहेर आली. "माज्या हातात आता काय नाय रं. कर्जतला डॉक्टरीण हाय, तिकडं ने. बिगीनं ने."

मी गाडीत चढलो, चावी फिरवली, स्टार्टरवर पाय दिला. टक्. एवढंच! पुन्हा दिला. टक्.

मी हाका मारल्या. लावणीवरची माणसं चिखलाच्या हातांनी धावत आली आणि गाडी ढकलू लागली. चाकं जागच्या जागी रुतली. हँडल मारायला गेलो तर त्याने असा उलटा झटका दिला की मनगट टरारून सुजलं. अजून बोटं नीट मिटत नाहीत, अक्षर बघतोयसच. कुणी म्हणालं, डोली करा. एवढ्या पावसात, ओहोळ भरलेले असताना, डोलीतून कर्जत? घरातून वहिनीचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईनासं झालं. ते जास्त वाईट होतं.

दादा असता तर काय केलं असतं? तू आधी दिवे लावून बघायचास. मी लावले. लख्ख! स्टार्टर दाबला तरी मंद होईनात. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. त्याच आठवड्यात कर्जतहून चार्ज करून आणून मीच बसवली होती, गाडी मात्र सुरू करून पाहिली नव्हती. मग स्टार्टरवर हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं. काही नाही. बॅटरीपासूनची तार ओढून पाहिली. घट्ट. तेव्हा तुझ्यावर इतका चिडलो, म्हणून सांगू! सगळं आपल्या हाताने करायचास आणि आम्हाला नुसतं बघत उभं ठेवायचास. हे असं का आणि ते तसं का, हे कधी आम्हाला समजावून का नाही रे सांगितलंस?

रागारागाने पुन्हा पुन्हा पाय देत राहिलो. इतक्यात शेजारचे तुकाकाका बॉनेटजवळून ओरडले, "आरं थांब, हितनं धूर येतोय!"

इंजिनाकडे जाणारी चोकची बारीक तार धुमसत होती. हात लावला तर बोट पोळलं. मग डोक्यात उजेड पडला. करंटला परत जायची त्याची वाट बंद झालीय, म्हणून तो बिचारा चोकच्या तारेतून वाट काढतोय! त्याची वाट म्हणजे इंजिनावरून चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, गेलेली तांब्याची पट्टी. पाना घेतला, नट सोडला.

पट्टीखाली डांबर होतं.

वरून ओघळलेलं नाही. कुणीतरी नट सोडून, पट्टी उचलून, खाली दाट हात मारून नट पुन्हा आवळला होता. डांबरातून करंट कसा जाणार?

कुणीतरी काय म्हणतोय मी! दर ज्येष्ठात तू घराच्या लाकडी मेढींना आणि गाडीच्या चासीला एकाच डब्यातलं डांबर लावायचास. यंदा गाडी छपराखाली लावल्यावर, मी शेतावर असताना, वहिनीने ते काम उरकलं. तसल्या अवस्थेत, पाटावर बसून. संध्याकाळी काळे हात दाखवत म्हणाली होती, "भाऊजी, येक जागा सोडली नाय मी. आता गंज शिरंल कुठनं?" किती दिवसांनी हसली होती ती! पट्टीखाली लोखंड उघडं लागतं, हे तिला कोण सांगणार? तू सांगायला हवं होतंस.

कोयत्याने खरवडलं, लोखंड चमकेपर्यंत. पट्टी बसवून पाय दिला आणि इंजिन लगेच लागलं. बायका आनंदाने रडायला लागल्या. कर्जतपर्यंत गाडी कशी हाकली, मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." बस, एवढंच म्हणाल्या. त्यांना काय माहीत!

पोरीच्या भुवया तुझ्यासारख्या जुळलेल्या होत्या. उल्हास नदीच्या काठी मीच तिला मातीआड केलं. मला हे सोसत नाही, दादा. तू असायला हवा होतास.

आज सकाळी वहिनीने डोळे उघडले आणि पहिलं तेच विचारलं, "भाऊजी, गाडीला काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, "बॅटरीची तार, वहिनी. माझ्या हातून ढिली राहिली."

"यवढंच काम व्हतं तुमच्याकडं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही.

नको घेऊ दे. माझ्यावरच्या रागाने ती जगेल तरी. दुसरं कळलं तर जगायची नाही. पट्टीखालचं डांबर तुकाकाकांनी पाहिलंय, पण त्यांना मी शपथ घातलीय.

पुढच्या ज्येष्ठात ती पुन्हा डबा काढेल, मी ओळखतो तिला. मी अडवणार नाही. ही जागा सोड, असंही म्हणणार नाही. ती हात धुवायला गेली की गुपचूप नट सोडीन, पट्टीखालचं लोखंड खरवडून चकचकीत करीन आणि नट आवळून वरून तिचंच डांबर फिरवून ठेवीन. गाडी आहे तोवर दर वर्षी. हा माझा तुला शब्द.

तुझा धाकटा,
शंकर