पानबाईकाकूंची चेरी

जळगाव, १८ एप्रिल १९९४

लाडक्या कुंदाआत्यास भाची मित्रा हिचा जयभीम.

नाही गं, सरबतासाठी नाही. बर्फ मी झाडाच्या मुळाशी घालत होते. पप्पांनी तुला अर्धंच सांगितलं.

मी भाड्याने राहते त्या पानबाईकाकूंच्या अंगणात एक झाड आहे. छत्रीसारखं पसरलेलं, पांढरी फुलं, करवंदाएवढी लालचुटुक फळं. कुणी लावलेलं नाही, आपोआप आलं. नाव गल्लीत कुणालाच माहीत नाही. काकू जैन, अनोळखी फळ खायचं नाही असा त्यांच्यात नियम. त्यामुळे कितीतरी वर्षं त्या झाडाला पाणी घालतायत, पण एक फळ तोंडात टाकलेलं नाही. त्यांचे मिस्टर झुंबरलालशेठ म्हणतात, नुसता कचरा आणि मुंग्या. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, तोडायचं आणि तिथे पोत्यांसाठी शेड टाकायची. काकू माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, तू इंग्रजी शाळेत शिकलेली, नाव शोधून दे. फळ खाण्यातलं निघालं तर शेठ कशाला तोडतील?

झालं! मी रद्दीवाल्याकडून बागकामाचं लंडनचं पुस्तक आणलं आणि अर्ध्या तासात जाहीर केलं, चेरी! पुढच्याच पानावर होतं, चेरीला कडक थंडी लागते. आता जळगावात एप्रिलमध्ये कडक थंडी कुठून आणू? म्हणून रसवंतीवाल्या तोतारामभाऊंकडून रोज बर्फ आणून मुळाशी ठेवायला लागले, वरून गोणपाट. पानं गळायला लागली तेव्हा मी खूश, कारण पुस्तकातल्या चेरीचीही गळतात. शेवटी तोतारामभाऊंनी हळूच विचारलं, ताई, घरात कोणी गेलं का, एवढा बर्फ लागतो ते.

फांदी सोबत पाठवतेय. तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस, तूच सांग हे काय आहे. हस हवं तेवढं, पण माया कमी करू नकोस.

तुझी बिनडोक भाची,
मित्रा


धुळे, २५ एप्रिल १९९४

चि. मित्रास कुंदाआत्याचा जयभीम आणि खूप आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचायला घेतलं, ही माझी चूक. आता सगळ्या बाई तुला बर्फवाली भाची म्हणतात. आधी तो बर्फ बंद कर!

ही सिंगापूर चेरी. खऱ्या चेरीशी हिचं रंगापुरतंच नातं. पान चिकट, कडेला दाते, देठाशी एक बाजू आखूड, त्यावरून ओळखली. आपल्या उन्हात ही मजेत वाढते. पाणी खोडापासून जरा लांब घाल. फांद्या ठिसूळ असतात, वादळात मोडतात, म्हणून फार लांबलेल्या छाटायच्या. पण आत्ता नको, तुझ्या उपचारातून सावरू दे बिचारीला. फळ खातात, पोरं तर तुटून पडतात.

तू जेवतेस ना वेळेवर? दादा म्हणत होता, वाळली आहेस. मेथीचे लाडू पाठवतेय, ते झाडाला घालू नकोस.

आणि काकूंना सांगायला धावण्याआधी एक फळ कापून बघ. होस्टेलमधली माझी जैन मैत्रीण लाडकुंवर वांगं का खात नव्हती, ते आठवलं म्हणून म्हणते.

उत्तराची वाट बघते. आत्याला विसरू नकोस.

कुंदाआत्या


जळगाव, १५ मे १९९४

लाडक्या आत्यास जयभीम.

तुझ्या पत्रातलं शेवटचं मी शेवटीच वाचलं. तोपर्यंत अंगणभर नाव ओरडून झालं होतं. काकूंनी फळ धुतलं, शेठसमोर कापलं आणि सुरी खाली ठेवली. आत खसखशीसारख्या बियाच बिया. काकू एवढंच म्हणाल्या, बहुबीज. वांग्यासारखंच, बिया फार म्हणून वर्ज्य. नाव नव्हतं तोवर निदान आशा तरी होती. ती मी शोध लावून घालवली! शेठ मात्र खुशीत जागा मोजायला टेप आणायला गेले. मी खोलीत जाऊन रडले, लंडनच्या पुस्तकावर डोकं ठेवून.

आखाजीला सकाळीच लाकूडतोड्या जीवराम कुऱ्हाड घेऊन आला. काकू झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. पदर सावरून, नेहमीसारख्या हळू आवाजात शेठना म्हणाल्या, आपण गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकतो ना, ती हल्ली तशीच पडून असते. पोपट, साळुंक्या, खारी, सगळे इथेच जेवतात. बहुबीजचा नियम आपला, त्यांनी कुठे घेतलाय? आज आपल्यात वर्षभराचे उपास उसाचा रस पाजून सोडवतात, आणि आजच यांचं ताट ओढायचं?

शेठ बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. मग जीवरामला चहा पाजून परत पाठवलं. शेड आता मागच्या बाजूला होणार म्हणे. झाडाला नवी पालवी फुटलीय आणि मला त्याला हात लावायची बंदी आहे.

लाडू संपले. माझ्या सगळ्या मूर्खपणासकट मला तुझीच समज.

मित्रा

ता.क. खरं तर हेच विचारायला पत्र लिहायला बसले. काल काकूंनी एक पिकलेलं फळ माझ्या हातावर ठेवलं. म्हणाल्या, तुला तर नियम नाही, खा आणि कसं लागतं सांग. आत्या, काय गोड असतं गं! जत्रेतल्या बुढ्ढी के बालसारखं. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ठसका लागल्याचं नाटक करून आत पळाले. त्या परत विचारणार. खरं सांगू, की पाणचट आहे म्हणू? तुला काय वाटतं?