माझ्या ताटावर बसलेला

बुगनव्हिल बेट, ३ जून १९४४
आज नव्या तुकडीत दाखल झालो. जागा झकास! पुढे समुद्र, मागे रताळ्यांचा मळा. मळा सांभाळणारा मुरासे भारी बोलघेवडा. मला बघून म्हणाला, या, आणखी एक खाणारं तोंड आलं! सगळे हसले, मीही हसलो. सार्जंट इसोबेंनी मात्र ताकीद दिली, की शत्रूची विमानं पत्रकं टाकतात, सापडलं की न वाचता जमा करायचं.

१९ जून
सकाळी पत्रकं पडली. एक माझ्या पायाशीच आलं. शरण या, जिवंत घरी जा, वगैरे थापा. पण चित्र! चुलीपाशी पाठमोरी बाई आणि वाढलेली दोन ताटं. तिच्या मानेवरचा तीळ पाहिला आणि ओळखलं. ही माझी बायको, मित्सुए! दुसरं ताट माझं. आमच्या जपानात लढाईवर गेलेल्याच्या नावानं घरात रोज ताट वाढतात, तसं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पत्रक जमा केलं नाही, खिशात ठेवलं.

७ जुलै
बाँबनं मळा गेला. पाला उकडून खातो. दुपारी खिशातून चित्र काढून पाहिलं, तर माझ्या ताटावर कुणीतरी बसलंय. पाठमोरा पुरुष. कोण हा हलकट? मी इथं उपाशी आणि हा माझ्या भातावर ताव मारतोय. आणि ती वाढतेय! मुरासेला दाखवलं. म्हणाला, अरे वेड्या, नुसतं ताट आहे, माणूस कुठला? भुकेनं डोकं फिरलंय तुझं. वर म्हणतो कसा, बायको एवढी देखणी असेल तर मीच जाऊन बसतो! त्याचं ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

२ ऑगस्ट
मुरासेनं माझ्या पत्रकाची सिगारेट वळून ओढली. कागद नव्हता म्हणे. माझी बायको त्याच्या ओठांत— धरून बडवला. दात पाडला. खोटारडा. त्यानंही तिला पाहिलंय. सगळ्यांनीच पाहिलंय.

१४ ऑगस्ट
पुन्हा पत्रकं पडली, तेच चित्र. तो अंगानं भरलाय. माझी बरगडी न् बरगडी दिसते. तिचा हात त्याच्या पाठीवर. माझ्या पाठीवर कधी ठेवला होतास गं असा?
शरण जाणार. लाज गेली खड्ड्यात. घरी जाऊन त्याची मान मुरगाळणार—

तारीख ठाऊक नाही
पळालो. पत्रक हातात धरलं की गोळी घालत नाहीत म्हणे. शत्रूची छावणी समोर दिसतेय. जरा टेकलो— पुन्हा चित्र पाहिलं—
तो वळलाय. चेहरा माझा. माझाच! गुबगुबीत, तृप्त—
ती हसतेय. माझ्याबरोबर कधी इतकी— तिचा नवरा परत आलाय. तिला आता कुणाची वाट—
उठली. दाराला कडी लावतेय. आतून.
मित्सुए, तो मी नाही! मी इथं— अगं, दार—