घरच्यांनी धारा काढायच्या नसतात

ड्रमकील, काउंटी लीट्रिम
२३ नोव्हेंबर, रविवार

प्रिय किंगाताई,

तुला पापे, तुझ्या त्या लठ्ठ बोक्याला एक टपली. मी बरी आहे. नाक गळतंय, पण लीट्रिममध्ये नोव्हेंबरात ज्याचं नाक गळत नाही तो माणूस नाही, फोटो असतो. तुझा गुडघा कसा आहे? दुकानाच्या पायऱ्या अजून पळत चढतेस ना? चढू नकोस.

पाकीट बघून दचकली असशील. फोन असताना या बयेला पत्र कुठून सुचलं? अगं, फोनवर तू मध्येच 'ते जाऊ दे, जेवलीस का' म्हणतेस आणि माझी गाडी भलत्याच रुळावर जाते. कागदावर तुला मला तोडता येत नाही. फक्त लाल पेन घेऊन बसू नकोस. शुद्धलेखन होतं तसंच आहे.

सहा डिसेंबरचं तुझ्याकडे यायचं तिकीट नीट ठेवलंय, तू विचारशीलच म्हणून आधी सांगून टाकते. त्यावर पुढे लिहीन.

तर खबरबात. गाई सगळ्या ठीक. ती लंगडी, तोऱ्यात चालते म्हणून मी जिला मंत्रीणबाई म्हणते, ती या आठवड्यात विणार. गाईंचा मुरघास यंदा चांगला झालाय, वास घेतला तर आपल्यालाच खावासा वाटेल. पाऊस चालू आहे. आमची म्हातारी सेप्टा बरी आहे. म्हणजे उठते, बसते, चुलीत जळणाचा टर्फ घालते. शेजारचा मॅलाकी आहे तसाच आहे, सत्तरीचा, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी त्यालाच माहीत.

आज मला सारखं पहिलं वर्ष आठवतंय. मी पोलंडहून आले तेव्हा काय होते गं मी! एकोणीस वर्षांची, एक बॅग, इंग्रजीची बोंब. कामाला लावणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, मूलबाळ नसलेलं म्हातारं जोडपं आहे, बावीस गाई आहेत, राहणं-खाणं त्यांच्यातच. त्यातला म्हातारा, डेसी, मला घ्यायला बस स्टँडवर आला होता. अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलला नाही. फक्त समोरून गाडी आली की स्टेअरिंगवरून एक बोट वर. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या बोटाला काहीतरी आजार आहे. मग लक्षात आलं, समोरच्याचंही बोट वर होतंय. इथं सगळे असंच करतात. ओळख असो, नसो. बोट वर केलं नाही तर माणूस माजलाय म्हणतात.

हे कळल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच!

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी डेसीच्या जुन्या कोटात पेंढा भरला, वर त्याची टोपी घातली, आणि तो पेंढ्याचा डेसी ट्रॅक्टरवर बसवून ट्रॅक्टर फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून लावला. खरा डेसी आणि मी कुंपणाच्या मागे. प्रत्येक गाडी यायची, बोट वर व्हायचं, पेंढ्याचा डेसी ढिम्म. पोस्टमननं तर गाडी मागे घेऊन पुन्हा बोट वर केलं. काही नाही. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. डेसी हसून हसून गवतात आडवा झाला. रविवारी चर्चबाहेर मॅलाकी आलाच तावातावानं.

"डेस, मी तुझं काय घोडं मारलंय? दोनदा गेलो फाटकावरून, साधं बोट नाही उचललंस?"

"संधिवात आहे रे," डेसी म्हणाला. "उन्हाळ्यात बोटं पेंढ्यासारखी होतात."

आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लबाडानं. मी बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली बसले ती उठलेच नाही.

ताई, मला शाळेत सगळ्यांनी 'वाया गेलेली' म्हटलं. तू सुद्धा, दोनदा. डेसी मात्र म्हणायचा, "जॅग, तुझ्यात डोकं आहे. फक्त ते खोड्या काढायला ठेवलंयस. खर्च तरी होतंय, लोकांचं तर गंजून जातं." त्याला यागोदा म्हणता आलं नाही कधी. आलं असतं, पण त्यानं प्रयत्नच केला नाही.

आणि दुपारचा रेडिओ. इथल्या रेडिओवर बातम्यांनंतर मेलेल्यांची नावं वाचतात, अमुक गावचा तमुक, मयत कुठं ठेवलंय, चर्च किती वाजता. त्या वेळी घरात चमचा वाजवायचा नाही. सेप्टा हातातलं भांडं हातात धरून उभी. नावं संपली की डेसी रेडिओ बंद करायचा आणि म्हणायचा, "आज आपलं नाव नाही. म्हणजे संध्याकाळी धारा काढायला लागणार." रोज. अडीच वर्षं रोज हाच विनोद, आणि मी रोज हसले, कारण तो माझ्याकडे वळून बघायचा, हसते की नाही.

बघ, टाळता टाळता इथवर आलेच.

गेल्या मंगळवारी रेडिओवर डेसीचं नाव होतं.

सोमवारी दुपारी तो शेतातून आला आणि "पाच मिनिटं टेकतो" म्हणून खुर्चीत बसला. गमबूट न काढता. सेप्टानं नुकतीच फरशी पुसली होती. ती त्याला बुटांवरून बोलायला लागली. चाळीस वर्षं सांगतेय, गोठा दाराबाहेर ठेवायचा, तुझ्या आईनं शिकवलं नाही, मी किती शिकवू. बराच वेळ बोलत होती गं. मी बटाटे सोलत होते आणि गालात हसत होते, आता हा काय उलट उत्तर देतो बघू म्हणून. त्यानं दिलंच नाही. मग सेप्टा वळली.

मी तुला तेव्हा फोन केला नाही. दोनदा हातात घेतला. पण तू म्हणाली असतीस, अरेरे, बिचारा, मग तू आता लवकरच येशील ना. आणि मला 'हो' म्हणावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी गाई कुणी पिळल्या ते मला आठवतच नाही. डॉक्टर आला, फादर आले, पुढच्या खोलीतलं टेबल हलवून त्याला तिथं ठेवलं. इथं मयत दोन दिवस घरातच असतं, गाव भेटायला येतं. मी अशा घरांत जाऊन आले होते, पण लोकांच्या घरी, संध्याकाळी, सँडविच खायला. आपल्या घरात काय करतात ते मला कुठं ठाऊक!

मंगळवारी पहाटे नेहमीसारखी उठले, गमबूट चढवले, गोठ्यात गेले. तर दिवे चालू, मशीन चालू. आत मॅलाकी आणि खालच्या रस्त्यावरची दोन माणसं. माझ्या गाई, माझे टॉवेल, माझं स्टूल.

"तू इथं काय करतेस?" मॅलाकी म्हणाला.

"धारा काढायला आले. तू इथं काय करतोस?"

"घरात जा. इथं हात लावायचा नाहीस आता."

"मंत्रीणबाई अनोळखी हाताला लाथ मारते."

"मारली. जा म्हटलं ना!"

असं खेकसला गं! मी तशीच मागे फिरले. झालं, म्हटलं. मालक गेला, पगारी पोरीचं काम संपलं. निदान अंत्यविधी तरी होऊ द्यायचा. मी वर खोलीत जाऊन बॅग काढली आणि कपडे कोंबायला लागले. किंगा, खरं सांगते, रडू आलं नाही. संताप आला. मॅलाकीच्या गाडीत शेण कसं भरायचं याचा बेत करत होते.

सेप्टा दारात उभी. रात्रभर झोपलेली नव्हती. "कुठं निघालीस?"

"मॅलाकीनं मला काढून टाकलं."

"मॅलाकीला त्याचं कुत्रं सोफ्यावरून काढता येत नाही, तुला काय काढतोय? काय म्हणाला?"

मी सांगितलं. ती पलंगावर बसली आणि हसली. त्या दिवशी! नवरा खाली पेटीत, आणि ही तोंडावर हात ठेवून हसतेय.

"अगं येडे," ती म्हणाली, "घरात मयत असलं की घरच्यांनी धारा काढायच्या नसतात. माती होईपर्यंत गोठ्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. शेजारी करतात सगळं. मला कालच हाकललं त्यांनी. आज तुला."

"पण मी पगारी आहे, सेप्टा."

"हे मॅलाकीला जाऊन सांग. तो तुझ्या कानाखाली देईल." मग उठली, माझी बॅग उलटी करून सगळे कपडे पलंगावर ओतले, त्यातला काळा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. "हा घाल. लोक यायला लागतील. माझ्याजवळ बसायचं, आणि उठायचं नाही."

बसले. पेटीजवळच्या रांगेत, सेप्टाच्या डाव्या हाताला. अख्खं गाव ओळीनं आलं. सेप्टाचा हात हातात घेऊन म्हणायचं, वाईट झालं गं. मग पुढचा हात माझा. वाईट झालं गं पोरी. पहिल्या काही जणांना मी सांगायला गेले, मी इथं कामाला आहे हो. कुणी ऐकेचना. पोस्टमन आला, माझा हात धरून ठेवला आणि कानात म्हणाला, "तो पेंढ्याचा तूच केला होतास ना? मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, डेसी हेराटीशी आपलं नातं संपलं." आम्ही दोघं तिथंच फुटलो. पेटीसमोर! मागच्या बायकाही हसायला लागल्या. इथं चालतं ते.

कप गोळा करायला मी सारखी उठायचे. उठले की कुणीतरी खांद्यावर हात ठेवून खाली बसवायचं. शेवटी मॅलाकीच म्हणाला, "या पोलंडच्या राणीला खुर्चीला बांधा रे."

आणि तिथं बसल्या बसल्या मला आपली आई आठवली.

तुला आठवतं, आईच्या वेळी आपण बसलोच नाही? मी बारा वर्षांची, मागच्या पायरीवर बटाटे सोलत होते, पातेलंभर. तू सगळ्यांना सूप वाढत होतीस, आणि मावशी ओरडत होती, ब्रेड संपला, ब्रेड आणा. कुणी म्हटलं नाही, पोरींनो, तुमची आई गेलीय, बसा. आपणही एकमेकींना म्हटलं नाही. भांडी घासून झाली तेव्हा लोक गेले होते, आणि तू म्हणालीस, 'चल, झालं.' मला अजूनही कळलेलं नाही काय झालं होतं.

बुधवारी दुपारी मी त्या खुर्चीत बसून जे रडले ना, ताई. गावाला वाटलं डेसीसाठी. निम्मं होतंच त्याच्यासाठी.

गुरुवारी माती झाली. खड्डाही शेजाऱ्यांनीच खणला. शुक्रवारी पहाटे मी गोठ्यात गेले तर मॅलाकी टॉवेल धुऊन पिळत होता. एक माझ्या अंगावर फेकला. "घे. आता तुझं." एवढंच. आणि गाडीकडे निघून गेला. शेण भरलेलं नव्हतं, मी माफ केलं होतं.

काल सेप्टा बेसिनकडे तोंड करून म्हणाली, "तुझं तिकीट आहे ना सहाचं? जा तू. बहीण वाट बघतेय. गाई मी जानेवारीत विकून टाकते." पाठमोरी होती, पण एकच बशी किती वेळ धूत होती. मी म्हटलं, "मंत्रीणबाईला कोण घेणार?" ती म्हणाली, "कुणीतरी मूर्ख घेईल." रेडिओ कुणी लावलाच नाही.

किंगा, मला माहीत आहे तू खोलीला रंग दिलायस. पिवळा, मला आवडतो तो. हॉटेलच्या किचनमध्ये शब्द टाकून ठेवलायस. लोकांना सांगितलंयस, सहाला, सेंट निकोलसच्या दिवशी, माझी बहीण येतेय, आता कायमची. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

मी सहा तारखेला येत नाहीये. जानेवारीतही नाही. गाई विकायच्या नाहीत असं मी सेप्टाला अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगायचं होतं. तिनं मला थांबवलेलं नाही, उलट जा म्हणतेय. म्हणून तिच्यावर राग काढू नकोस. माझ्यावर काढ.

तू एकटी आहेस हे मला कळतं. सेप्टा परकी आणि तू सख्खी, हे पण कळतं. तू विचारशील, परक्या बाईसाठी थांबतेस आणि माझ्यासाठी येत नाहीस? पण इथं मला बसवलं. आणि ज्याला बसवतात त्याला नंतर उठावं लागतं, कामाला लागावं लागतं, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघून कसं जायचं?

म्हणून माझं एक ऐक. नाताळात दुकान बंद ठेव. बोका शेजारी दे. आणि तू इथं ये. हॉटेलवाल्यांना काय सांगायचं ते सांग, माझी बहीण वाया गेली म्हण, त्यांचा विश्वास बसेल. विमानतळावर मॅलाकी येईल तुला घ्यायला, तो खेकसतो, पण तुझी बॅग स्वतः उचलेल. सेप्टानं पुढच्या खोलीतलं टेबल अजून जागेवर लावलेलं नाही. आपण तिघी तिथं बसू. तू ताट उचलायला उठलीस तर मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवीन. आईचं काय झालं ते तू मला सांग. तू वीस वर्षांची होतीस, तुला आठवत असेल. मी ऐकेन, एकही विनोद करणार नाही.

रागावलीस तर रागाव. पण ये.

सहा तारखेला न येणारी, तरी तुझीच,

यागोदा