आवाज बाहेर जाणार नाही

४ जानेवारी
आले एकदाची मुलुंडला. मुकुलच्या आत्याचा हा बैठा बंगला दोन टॉवरच्या मध्ये असा दिसतो, जसं बुफेच्या गर्दीत कुणी एकटंच पाट मांडून जेवायला बसलंय. मला आवडला.

मुकुलला, माझ्या नवऱ्याला, जाऊन वर्ष झालं. घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये मी त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे, भाजी चिरताना, बातम्या बघताना. शेजारच्या नमिताबेननी ते भिंतीला कान लावून ऐकलं आणि माझ्या लेकीला, गंधालीला, बंगळुरूला कळवलं. लेकीनं डॉक्टर सुचवला. मी गॅरेज सुचवलं. बंगल्याला लागून ऐसपैस बांधायचं, आत मुकुलची जुनी गाडी, शेजारी माझी खुर्ची, आणि भिंती अशा की माझी बडबड कुत्र्यालाही ऐकू जाऊ नये.

१९ जानेवारी
आराखडा झाला. ठेकेदार चंदर नावाचा, तोंडानं फटकळ, म्हणजे आमचं जमणार. बंगल्याची भिंत आणि गॅरेजचे बोर्ड यांत चांगली रुंद फट ठेवायची आणि ती रॉकवूलनं, म्हणजे दगडी कापसानं, भरायची. ऊनही अडेल, आवाजही. म्हणाला, ताई, आत ढोल बडवा, बाहेर कळायचं नाही. म्हटलं, ढोल नाही रे, मी एकटीच आहे. तो म्हणाला, तेवढंच झालं.

२ मार्च
शेवटचा बोर्ड उरला होता. चंदरनं फटीत डोकं घालून तीनदा हाक दिली, "आत कोणी असेल तर बाहेर या, बंद करतोय." त्याच्या वडिलांकडून एकदा मांजर चिणलं गेलं होतं, तेव्हापासूनची घरातली रीत. मालकानं "कोणी नाही, लाव" म्हणायचं, मगच स्क्रू पिळायचे.

मी म्हटलं, "असेल तर राहू दे रे. तेवढीच सोबत."

त्याची माणसं हसली. चंदर हसला नाही. पण बोर्ड लावला.

५ मार्च
पहिली बैठक. काय शांतता! गाडीत बसून मुकुलला नमिताबेनची नक्कल करून दाखवली. भिंतीतून कुणीतरी हसलं. उंदीर असणार. माझ्या विनोदाला हसणारे उंदीर घाटकोपरला नव्हते.

९ मार्च
उंदीर नाहीत. हसू माझंच आहे. भिंतीतलं ते आधी माझं वाक्य माझ्यामागून म्हणायचं, आता माझ्याआधी म्हणतं. आज मी तोंड उघडण्यापूर्वी त्यानं मुकुलला माझा अख्खा दिवस सांगितला. माझ्यापेक्षा रंगवून.

११ मार्च
गंधालीला फोन केला. म्हणाली, आई, सकाळीच तर तासभर बोललो ना, किती दिवसांनी अशी खुशीत होतीस.

सकाळी मी फोनला हात लावला नव्हता.

१२ मार्च
चंदरला बोलावलं. त्यानं बोर्ड काढला. आत रॉकवूल दाबलं जाऊन खळगा झालाय — गुडघे मुडपून बसलेल्या बाईएवढा. चंदर बघत राहिला. म्हणाला, चहा पिऊन येतो, मग नीट भरून, नीट हाक देऊन बंद करू. तुम्ही या वेळी चेष्टा करू नका.

तो गेला. आणि आतून मुकुलनं —
मुकुलच. "ए, ये ना," म्हणाला. तसंच, ए वर जोर देऊन —

नंतर
मुकुल नाहीये इथे.
खळगा माझ्याच मापाचा. गुडघे, खांदे, सगळं. मोबाईलच्या उजेडात लिहितेय. वूल सगळीकडून सरकतंय, समोरूनही मिटलंय, पाय निघत नाही —

चंदर आला. हाक देतोय.
ओरडले. त्याचं मला ऐकू येतं. माझं मलाही नाही —

दुसरी हाक. एक हात कापसात रुतलाय, हा लिहिणारा तेवढा मोकळा —

गाडीचं दार वाजलं. कोण उतरलं? चंदर म्हणतोय, ताई, तुम्ही गाडीत होतात होय —

तिसरी.

माझा आवाज. बाहेरून. हसत. "कोणी नाही रे. लाव."

स्क्रू —

मुकुल, तू तरी ऐक